क्रम आणि तारतम्य : इंग्रजी वाक्यातील दोन शब्दगटांविषयी

१

इंग्रजी लेखनाच्या शिक्षणात क्रम दाखवणारे शब्द आणि तुलना दाखवणारे शब्द हे दोन वेगळे धडे मानले जातात. 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट', 'फायनली' ही एक यादी विद्यार्थ्याला दिली जाते. पुढे काही पाने उलटल्यावर 'दॅन', 'ॲज... ॲज', 'रादर दॅन', 'कम्पेअर्ड विथ', 'अनलाइक' ही दुसरी. दोन्ही याद्या पाठ करावयाच्या, रिकाम्या जागा भरावयाच्या आणि 'दॅन'च्या जागी 'देन' लिहिले गेले की तांबड्या शाईची रेघ निमूटपणे स्वीकारावयाची, एवढाच या अध्यापनाचा आवाका असतो. चूक का झाली हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ती निष्काळजीपणाने झाली, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. क्रम आणि तुलना ही एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जाण्याच्या एकाच बौद्धिक व्यापाराची दोन रूपे आहेत. इंग्रजी भाषेच्या इतिहासात याचा पुरावा सापडतो आणि भारतीय भाषांच्या आजच्या रचनेत तर तो अधिकच ठळक आहे. भारतीय विद्यार्थी या ठिकाणी अडखळतो, तो ज्ञानाच्या अभावी नव्हे. ते ज्ञान त्याच्या स्वभाषेत निराळ्या दिशेने रचलेले असते आणि त्या दिशेकडे कोणी त्याचे लक्ष वेधलेले नसते. विषय शाळकरी वाटला तरी भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना त्याकडे पाठ फिरवता येणार नाही. कारण त्यांच्या इंग्रजी लेखनातील बहुतेक वाङ्मयीन निर्णय याच दोन शब्दगटांवर उभे असतात.

२

प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास दुर्ग-भिलाई हे जोडशहर सोयीचे आहे. छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होता. पुढे मध्य प्रांतातही दुर्ग आणि नागपूर एकाच शासनाखाली राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तेव्हा ही दोन गावे दोन राज्यांत पडली. त्याच सुमारास भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत संघाशी त्यासाठीचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. कारखान्याने देशाच्या सर्व भागांतून माणसे आणली. जुनी मराठी घराणी, छत्तीसगढी शेजार, हिंदी शाळा आणि कारखान्यामुळे आलेले बंगाली, तेलुगू, मल्याळी लोक असा भाषांचा संगम या परिसरात झाला.

येथील मोहन नगरसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी घरातील मुलाच्या कानावर तुलनेचे किती प्रकार पडतात, ते पाहावे. घरात 'पेक्षा' आणि '-हून', शाळेत हिंदीचे 'से', रस्त्यावर छत्तीसगढीचे 'ले'. शेजारी बंगाली असेल तर 'चेये', तेलुगू असेल तर 'कंटे'. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ आणि ती ज्या नदीला मिळते ती महानदी यांची तुलना करावयाची झाली, तर या सर्व भाषांत शिवनाथेचे नाव स्वाभाविकपणे आधी येते. 'शिवनाथेहून महानदी मोठी.' प्रथम मोजण्याचे माप, नंतर मोजलेली वस्तू. विशेषणाचे रूप बदलत नाही; 'मोठी' ते 'मोठी'च राहते. मग इंग्रजीचा तास येतो आणि त्यात महानदी आधी, विशेषणाला 'अर'चा प्रत्यय, त्यानंतर 'दॅन', आणि शिवनाथ सर्वांत शेवटी. मुलाच्या मनातील क्रम पुरता उलटतो. तरी त्याला सांगितले जाते ते एवढेच, की ''दॅन' म्हणजे 'पेक्षा''. शब्दाला शब्द मिळाला. पण वाक्याची दिशा बदलली आहे, ही गोष्ट अनुक्तच राहिली.

३

इंग्रजीकडे पाहता प्रथम लक्षात येते ते हे, की 'दॅन' आणि 'देन' हे मुळात एकाच शब्दाचे दोन फाटे आहेत. जुन्या इंग्रजीत त्यांचे रूप एक होते आणि त्यांची लेखने पुरती विभक्त झाली ती सुमारे सन १७०० च्या आसपास. इंग्रजीच्या सख्ख्या नात्यातील डच भाषेत आजही 'दान' हा एकच शब्द 'नंतर' आणि 'पेक्षा' या दोन्ही अर्थांनी चालतो. 'महानदी अधिक लांब. मग शिवनाथ' अशा जोडवाक्यातून तुलनेचे वाक्य घडले असावे, हा व्युत्पत्तीचा तर्क या पार्श्वभूमीवर सयुक्तिक वाटतो. एक वस्तू पुढे, दुसरी तिच्या मागे. क्रम हीच येथे तुलना आहे.

पुरावा एका शब्दापुरता नाही. 'फर्स्ट' हा 'पुढचा' या अर्थाच्या धातूचा तमभाव आहे, 'नेक्स्ट' म्हणजे मूळचा 'सर्वांत जवळचा' आणि 'लास्ट' म्हणजे 'सर्वांत उशिराचा'. 'लेटर', 'फॉर्मर', 'सूनर' ही उघडच तरभावाची वळणे आहेत. 'रादर' हा शब्द आज निवड दाखवतो. परंतु 'लवकर' या अर्थाच्या जुन्या शब्दाचा तो तरभाव होय. जे आधी करावेसे वाटते तेच अधिक आवडते, या साध्या मानवी व्यवहारातून 'रादर दॅन' हा प्रयोग निघाला. 'नो सूनर... दॅन' या रचनेत तर काळाचा क्रम आणि तुलनेचा शब्द एकत्रच नांदतात. विद्यार्थी येथे 'दॅन' काढून 'व्हेन' घालतो, कारण त्याला ही रचना निव्वळ काळाची वाटते. 'सूनर' ही तुलना आहे आणि म्हणून तिच्यामागे 'दॅन'च येणार, एवढे एकदा उमगले की हा नियम पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही.

संस्कृतातही हेच दिसते. 'प्रथम' या शब्दात 'प्र'ला जोडलेला तमभावाचा अंश आहे. 'उत्तर' हा 'उद्'चा तरभाव. 'अधिक वरचा' या अर्थावरून तो 'नंतरचा' या अर्थाला आला आणि उत्तरार्ध, मरणोत्तर, स्वातंत्र्योत्तर असे त्याचे वंशज मराठीत रोज वावरतात. मराठी वाङ्मयेतिहासातील कालखंडांची नावेसुद्धा अशा रीतीने तुलनेच्या प्रत्ययावर उभी आहेत.

४

आता भारतीय भाषांची बाजू. जिच्याहून एखादी वस्तू वेगळी किंवा सरस ठरवावयाची, तिच्यासाठी पाणिनीने पंचमी सांगितली आहे. जेथून वेगळे व्हावयाचे ते स्थान म्हणजे पंचमीचा अर्थ. मराठीची '-हून' आणि हिंदीचे 'से' हाच वारसा चालवतात. 'घराहून निघाला' आणि 'शिवनाथेहून मोठी' यांत प्रत्यय एकच आहे. पहिल्यात पाय घरापासून निघतो, दुसऱ्यात दृष्टी शिवनाथेपासून निघते.

याच्या शेजारी मराठीचे दुसरे एक रूप ठेवून पाहावे. 'करून', 'जाऊन', 'खाऊन' या पूर्वकालवाचक धातुसाधितांनी मराठी क्रम दाखवते. विभक्तीची '-हून' आणि धातुसाधिताची '-ऊन' यांची व्युत्पत्ती एक की भिन्न, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी दोहोंचे काम सारखे आहे: एक गोष्ट मागे टाकावयाची आणि तेथून पुढच्या गोष्टीकडे यावयाचे. दोहोंतही मागे टाकलेली गोष्ट वाक्यात आधी येते आणि जिच्याकडे यावयाचे ती शेवटी. मराठी भाषकाच्या कानाला तर ती जवळजवळ एकच ऐकू येतात.

शेजारच्या भाषा हे नाते अधिक उघड करतात. बंगालीतील तुलनेचा शब्द 'चेये' हे 'पाहणे' या अर्थाच्या क्रियापदाचे पूर्वकालवाचक रूप आहे. 'रामाकडे पाहून श्याम मोठा' अशी त्या वाक्याची मूळ ठेवण. तेलुगूचा 'कंटे' हाही 'पाहणे' या धातूशी जोडला जातो. तमिळमधील 'विड' 'सोडणे' या धातूवरून आला आहे आणि गुजरातीतील 'करतां' उघडच 'करणे' या क्रियापदाचे रूप आहे. मराठीचे 'पेक्षा' तरी कोण? संस्कृत 'अपेक्षा', म्हणजे 'ईक्ष्' हा पाहण्याचाच धातू. 'त्याच्याकडे पाहता हा बरा', असे मराठी माणूस सहज बोलतो तेव्हा तो नकळत 'पेक्षा'चीच फोड करीत असतो. आर्य आणि द्राविड अशा दोन कुळांतील भाषांनी तुलनेसाठी आधी घडलेल्या एका क्रियेचा आधार घ्यावा, हा केवळ योगायोग नव्हे.

भाषाविज्ञानाने यामागील व्यापक नियमाचा शोध घेतला आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात पूर्वकालवाचक धातुसाधिताची गणना दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्राच्या प्रमुख लक्षणांत केली. लिओन स्टासेन या डच अभ्यासकाने १९८५ मध्ये शंभराहून अधिक भाषांची तपासणी करून असे मत मांडले, की एखादी भाषा तुलना कशी करते हे ती घटनांचा क्रम कसा सांगते यावरून बहुधा ओळखता येते. ज्या भाषा आधीची घटना गौण क्रियारूपात बांधून मुख्य घटनेच्या आधी ठेवतात, त्यांत 'पासून', 'हून' अशा अर्थाची तुलना आढळण्याकडे कल असतो. ज्या घटनांना समान दर्जाच्या वाक्यांत जोडतात, त्यांत 'दॅन'सारखे जोडशब्द आढळतात. मराठी पहिल्या प्रकारची आहे, इंग्रजी दुसऱ्याकडे झुकलेली आहे. म्हणजे क्रम आणि तुलना या दोन स्वतंत्र अडचणी नाहीतच. एकाच भेदाची ती दोन टोके आहेत. त्यांना दोन धड्यांत तोडणे हा अध्यापनाचा पहिला दोष होय.

५

या दृष्टीने पाहिले असता नेहमीच्या चुका निराळ्या दिसू लागतात. 'दुर्गला उतरून, रिक्षा करून, मोहन नगरला जाऊन तो मामाला भेटला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. चार क्रिया, पण मुख्य क्रियापद एकच. विद्यार्थी हे इंग्रजीत उतरवतो तेव्हा 'ऊन'ला तेवढेच लवचिक प्रतिरूप न सापडल्याने प्रत्येक जागी 'अँड देन' घालतो. चारही क्रिया एका पातळीवर येतात आणि मुख्य कोणती ते कळेनासे होते. व्याकरण चुकलेले नसते; चुकलेले असते ते तारतम्य. अशा वेळी 'देन' कमी वापरावा एवढा उपदेश पुरेसा नाही. मराठीत कोणत्या क्रियेला त्याने पूर्ण क्रियापद दिले होते आणि कोणत्यांना 'ऊन'वर भागवले होते, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. मुख्य क्रिया त्याने आधीच निवडलेली असते.

दुसरे उदाहरण कर्त्याच्या ऐक्याचे. दोन क्रियांचा कर्ता एक असेल तेव्हाच पूर्वकालवाचक रूप येते, हा नियम पाणिनीचा आहे आणि थोडे अपवाद सोडता मराठीचाही. 'बी. ए. होऊन वडिलांनी त्याला नागपूरला पाठवले' हे वाक्य मराठी कानाला लगेच खटकते, बी. ए. कोण झाले, असा प्रश्न उठतो. तोच विद्यार्थी इंग्रजीत 'हॅविंग पास्ड द बी. ए., हिज फादर सेंट हिम टु नागपूर' असे बिनदिक्कत लिहितो. ज्या दोषाला इंग्रजी व्याकरणकार लोंबते धातुसाधित म्हणतात, तो ओळखण्याची शक्ती त्याच्या स्वभाषेने त्याला दिलेली आहे. ती इंग्रजीच्या वर्गात कोणी जागी केली नाही, इतकेच.

तिसरे उदाहरण समान वस्तूंच्या तुलनेचे. 'शरदचे अक्षर माधवच्यापेक्षा चांगले' असे मराठी म्हणते. यातील 'च्या' हे एवढेसे अक्षर 'माधवच्या अक्षरा' एवढा अर्थ वाहून नेते. इंग्रजीत त्याच्यासाठी 'दॅन दॅट ऑफ माधव' किंवा 'दॅन माधव्ज' अशी रचना लागते. ती गाळली की शरदच्या अक्षराची तुलना प्रत्यक्ष माधवशीच होऊन बसते. विद्वानांच्या लेखनातही हा दोष विरळा नाही. 'मराठी गद्य बंगालीपेक्षा जुने' असे घाईने लिहिणाऱ्याने मराठीतच 'च्या' गाळलेले असते. इंग्रजीतील चूक ही त्या मूळ ढिलाईची सावली असते.

'मोअर बेटर' या प्रयोगाला सारेच हसतात. मराठीत तुलनेचा भार विशेषणावर नसतो. 'अधिक' हा शब्द हवा तर येतो, नको तर गळतो. 'अधिक चांगले' मनात असता 'बेटर' लिहिले, की 'अधिक' बाहेर राहते. ते 'मोअर' होऊन परत येते. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही असे दुहेरी भाव चालत आणि मराठीत 'श्रेष्ठतम' लिहिणाऱ्याला आजही कोणी हसत नाही, वास्तविक 'श्रेष्ठ' हाच तमभाव आहे. 'ज्येष्ठ' आणि 'कनिष्ठ' यांचेही तसेच. त्यांतील तमभाव विसरला गेला म्हणूनच 'त्याच्याहून ज्येष्ठ' म्हणता येते. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे लॅटिनमधील तरभाव. इंग्रजीत त्यांचा भाव असाच विरला आणि त्यांच्यामागे 'दॅन'ऐवजी 'टु' आले. 'सीनियर टु' हा अपवाद म्हणून घोकून घेण्याऐवजी 'ज्येष्ठ'च्या शेजारी ठेवला, तर तो एका क्षणात समजतो.

जोडीने येणाऱ्या अव्ययांची गोष्ट वेगळी नाही. 'जरी... तरी', 'जेव्हा... तेव्हा', 'ज्याअर्थी... त्याअर्थी' अशा जोड्यांवर मराठी वाक्य तोलले जाते. म्हणून विद्यार्थी 'दो'च्या मागोमाग 'बट' आणि 'ॲज'च्या मागोमाग 'देअरफोर' आणतो. त्याला एक हात तुटल्यासारखा वाटतो आणि तो दुसरा जोडून देतो. परंतु 'जितका... तितका' या अर्थाची 'द मोअर... द मोअर' ही रचना त्याला फारशी अवघड जात नाही. तेथे इंग्रजीही जोडीनेच चालते. कोठे दोन हात आणि कोठे एक, एवढाच भेद दाखवावयाचा असतो.

६

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. परभाषा तिच्याच माध्यमातून शिकवावी, मातृभाषेचा आधार घेतला की तिचे वळण परभाषेला चिकटते, असे प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणत आले आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या परंपरेने शब्दाला शब्द देण्याची शिस्त लावली, पण सुट्या वाक्यांच्या भाषांतरात वाक्यांमधील संबंध हरवतात, हेही खरे. क्रम आणि तुलना हे तर संबंधांचेच व्याकरण आहे.

तथापि या आक्षेपाने जे सिद्ध होते ते एवढेच, की शब्दश: भाषांतर अपुरे आहे. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवल्याने ती मनाबाहेर जात नाही; ती तेथेच राहून अबोलपणे वाक्याचा क्रम ठरवीत राहते. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या द्विभाषा पद्धतीने मातृभाषेला वर्गात मर्यादित पण निश्चित जागा दिली, ती यासाठीच. येथे सुचवावयाचे आहे ते त्याहून थोडे वेगळे आहे. मातृभाषा येथे अर्थ सांगणारी दुभाषी म्हणून नको. दुसरी रचना म्हणून, आरशासारखी, समोर हवी.

दुसरा आक्षेप असा, की भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र भाषा आहे आणि तिच्या वळणांना चुका म्हणू नये. उच्चार, शब्दसंग्रह, संबोधने यांबाबत हे मान्य करता येईल. परंतु क्रम आणि तुलना यांच्या बाबतीत प्रश्न शिष्टाचाराचा नसून अर्थाचा आहे. कोणाची तुलना कोणाशी आणि कोण कोणाच्या आधी हे वाक्यावरून कळत नसेल, तर ते वाक्य कोणत्याच इंग्रजीत आपले काम करीत नाही.

७

शालेय वर्गातून विद्यापीठीय लेखनाकडे आले, की हीच गोष्ट गंभीर होते. 'साठोत्तरी' या संज्ञेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मराठीत तिचा अर्थ १९६० नंतरचे साहित्य. इंग्रजीत तिचे रूपांतर पुष्कळदा 'पोस्ट-सिक्स्टीज' असे केले जाते; त्या शब्दाचा काटेकोर अर्थ होतो साठचे दशक संपल्यानंतरचे, म्हणजे १९७० नंतरचे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. या अनुवादाच्या हिशेबाने ती आपल्याच कालखंडाबाहेर पडते. एका अनेकवचनी प्रत्ययाने दहा वर्षांचे वाङ्मय जागचे हलते आणि मराठी न जाणणारा वाचक ते तसेच पुढे नेतो.

'फर्स्ट' या शब्दाचे तसेच आहे. तो तमभाव असल्याने कोणत्या समूहात पहिला, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. पण विल्यम केरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुराहून निघाले होते, आणि महानुभाव भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'चा मान कित्येक अभ्यासक त्याच्याही आधी ठेवतात. मराठीतून लिहिलेले व मुद्रित झालेले सर्वांगीण व्याकरण असा समूह आखला, की दादोबांविषयीचे विधान टिकते. नुसते 'फर्स्ट ग्रामर' म्हटले की कोसळते. 'ॲज अर्ली ॲज १८३६' असे लिहिणाराही कशाच्या मानाने लवकर, हे सांगत नाही. त्या 'लवकर'मागे बहुधा युरोपचे घड्याळ असते आणि लेखकाला त्याची जाणीव नसते.

क्रमाचे कार्यकारणात रूपांतर होणे हा तिसरा धोका. मराठीची 'ऊन' दोन्ही अर्थ वाहते. 'पावसात भिजून तो आजारी पडला' यात 'नंतर' आणि 'मुळे' वेगळे काढता येत नाहीत. इंग्रजीतील 'फॉलोइंग' हा शब्द तसाच संदिग्ध आहे. 'फॉलोइंग केशवसुत' म्हणजे केशवसुतांच्या नंतर, की त्यांच्या वाटेने? 'इंग्रजी कवितेच्या परिचयानंतर मराठी कविता आत्मपर झाली' या विधानात 'नंतर' केव्हा 'मुळे' होते, ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. इंग्रजीत ते विधान 'आफ्टर'ने मांडावे की 'ॲज अ रिझल्ट ऑफ'ने, हे ठरवण्याची वेळ येते, तेव्हा मूळ मराठी विचारातील संदिग्धता उघडी पडते. परभाषेचा हा उपकार मानला पाहिजे. वैष्णव संतांच्या अभंगांतील आत्मनिवेदन डोळ्यांसमोर असणाऱ्याला दुसरा पर्याय इतक्या सहजी निवडता येणार नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दुर्गच्या परिसरातूनच देता येते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची मातृभाषा मराठी, कविता हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. त्यांना १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ही वस्तुस्थिती इंग्रजीत सांगताना 'दो मराठी-स्पीकिंग, ही रोट इन हिंदी' असे लिहिले, की त्यात नवल येते. 'ही रोट इन हिंदी रादर दॅन मराठी' असे लिहिले, की त्यात निवड, आणि निवडीबरोबर नकार येतो. मध्य भारतातील मराठी घरांना हिंदी ही दुसरी मायबोली होती. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० मध्ये पेंड्र्याहून काढणारे आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हेही मराठीभाषीच. तेथे नवलाचे वा नकाराचे कारण नव्हते. दोघां बंधूंना एकाच वाक्यात आणून 'द लेस नोन ऑफ द टू' म्हणताना तर कोणाला कमी ठाऊक, हा प्रश्न टाळताच येत नाही. नागपूरच्या वाचकाला आणि भोपाळच्या वाचकाला त्याची उत्तरे वेगवेगळी सुचतील. तुलनेच्या शब्दाला नेहमी एक जागा असते, जेथे उभे राहून पाहिले जाते. 'पेक्षा' या शब्दातच ते पाहणे दडलेले आहे.

८

यातून निघणारी अपेक्षा माफक आहे. इंग्रजीच्या शालेय व पदवीच्या अभ्यासक्रमात क्रम आणि तुलना यांचे धडे एकत्र आणावेत; 'देन' आणि 'दॅन' यांचे नाते लपवण्याऐवजी तेथूनच आरंभ करावा. विद्यार्थ्याच्या स्वभाषेतील 'ऊन', 'हून', 'पेक्षा', 'जरी-तरी' यांच्याशी इंग्रजी रचनांची ओळीने तुलना त्याच्याकडूनच करवून घ्यावी. दुर्ग-भिलाईसारख्या बहुभाषिक गावात हा अभ्यास विशेष फलदायी ठरेल. तेथे एका वर्गात चार-पाच मातृभाषा बसलेल्या असतात आणि तुलनेची प्रत्येकीची रीत फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने बहुभाषिकतेचा पुरस्कार केला आहे. त्याला वर्गातील प्रत्यक्ष कामाचे रूप असे देता येईल. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनीही हे इंग्रजी विभागाचे काम म्हणून झटकू नये. 'ऊन' आणि 'हून' यांचे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे त्यांनीच ते इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या हाती ठेवावयाचे आहे.

तर आणि तम या दोन प्रत्ययांपासून 'तारतम्य' हा शब्द बनला आणि मराठीने त्याला विवेकाचा अर्थ दिला. ज्याला तारतम्य नाही त्याला भाषा येत नाही असे मराठी माणूस म्हणत नाही; त्याला समज नाही, असे म्हणतो. इंग्रजी वाक्यातील एका 'दॅन'ची जागा चुकते तेव्हा शिक्षकाने आणि संपादकाने हाच भेद ध्यानात ठेवावा. चूक अक्षराची असेल तर ती रेघेने सुधारते. समजेची असेल, तर कोणाकडे पाहून आणि कशापासून निघून हे विधान केले, असे लिहिणाऱ्याला विचारावे लागते.